धाव्यात फाटलेली पोटरी: एका वारकऱ्याचे सोळा आठवडे

"मॅडम, मागनं कुणीतरी धोंडा हाणल्यागत झालं. वळून बघतोय तर कोण न्हाई."

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. काका मुलाच्या खांद्यावर हात टाकून माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकची पायरी चढले, खुर्चीत बसले आणि मी काही विचारायच्या आत हे वाक्य बोलले. पोटरीचा स्नायू अचानक फाटतो तेव्हा माणसं जवळजवळ ह्याच शब्दांत सांगतात. शहरात बॉक्स क्रिकेट खेळणारा तरुण म्हणतो, मागून कोणीतरी बॉल मारला. बॅडमिंटन खेळणाऱ्या बाई म्हणतात, पार्टनरची रॅकेट लागली असं वाटलं. काकांना धोंडा वाटला. मागे वळून बघणं मात्र सगळ्यांच्या सांगण्यात असतं, आणि एक्स-रेच्या आधी मी ते ऐकते.

काकांचं वय 53. ऊस, थोडी ज्वारी, चार म्हशी. रोज पहाटे दुधाचं कॅन घेऊन डेअरीपर्यंत चालत जाणारा काटक माणूस, वजन 64 किलो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि बाकीचे तपशील गाळले आहेत. वारीचं हे त्यांचं अकरावं वर्ष.

दुखापत झाली ती धाव्यात. ज्यांनी वारी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी माळशिरसहून निघून वेळापूरला पोचते त्या दिवशी, वेळापूरच्या अलीकडे एका टेकडीवरून वारकरी उताराला धावत सुटतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावू लागले, अशी श्रद्धा आहे. तोवर आळंदीपासून दोनशेच्या आसपास किलोमीटर पायांखालून गेलेले असतात. काकांना आधीचे दोन दिवस पहाटे उठल्यावर डावी पोटरी दगडासारखी कडक वाटत होती. चाललं की सुटायची, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. धाव्यात पाऊस भुरभुरत होता, पायात पातळ तळव्याची चप्पल होती. पुढचा माणूस अडखळला म्हणून काकांनी एकदम डावा पाय रोवला आणि त्याच पायावर जोर देऊन बाजूला उडी घेतली. तिथेच धोंडा लागला.

ह्या एका उडीत काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पोटरीत मुख्यतः दोन स्नायू. वरचा, आपल्याला दिसणारा, गॅस्ट्रोक्नेमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि गुडघा व घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली रुंद, चपटा सोलियस. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो, म्हणून त्याचा संबंध फक्त घोट्याशी. दोघं मिळून टाचेची मोठी शीर बनते, जिला अकिलीस टेंडन म्हणतात. गुडघा सरळ, पाऊल वर वळलेलं आणि त्याच क्षणी टाच उचलायला जोर लावला, की वरचा स्नायू दोन्ही टोकांनी ताणलेला असतानाच आखडू पाहतो. ह्या स्नायूला वर दोन भाग असतात, त्यांना 'डोकी' म्हणतात. बहुतेक वेळा तो आतल्या बाजूच्या डोक्यात, जिथे मांस संपून शीर सुरू होते तिथे फाटतो. काकांचंही तिथेच फाटलं होतं. 1883 साली ह्या दुखापतीची नोंद 'लॉन टेनिस लेग' म्हणून झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं प्लँटॅरिस नावाच्या बारीकशा स्नायूवर तिचं खापर फुटत राहिलं. सोनोग्राफी आणि एमआरआय आल्यावर कळलं की बहुतेक वेळा दोष गॅस्ट्रोक्नेमियसच्या आतल्या डोक्याचा असतो.

त्या संध्याकाळी वेळापूरच्या मुक्कामी काका लंगडत तंबूपर्यंत गेले. तिथे सेवेकरी होते. "बसा माऊली, पाय दाबून देतो," म्हणत एका तरुणाने कोमट तेल लावून पोटरी चांगली रगडली. वारीतली ही सेवा मला मनापासून प्रिय आहे. दिवसभर चाललेल्या लाखो पायांना ती खरंच आराम देते, आणि ज्याने ती केली त्याचा हेतू निर्मळ होता. पण ताज्या फाटलेल्या स्नायूला रगडणं म्हणजे नुकत्याच बसू पाहणाऱ्या जखमेचं तोंड पुन्हा उघडणं. आत रक्त साचत असतं, ते आणखी पसरतं. दुसऱ्या रात्री भंडीशेगावला पुन्हा मालिश झाली, वर गरम विटेचा शेक. वाखरीला सकाळी उठले तेव्हा पोटरीच्या आतल्या बाजूपासून घोट्याच्या खालपर्यंत काळंनिळं उतरलं होतं. दिंडीच्या टेम्पोत बसून ते पंढरपूरला गेले, लांबूनच कळसाला हात जोडले आणि द्वादशीला एसटीने गावी आले.

मालिशवाल्यांना आणि घरच्यांना माझी एकच विनंती असते. चालून चालून आंबलेला पाय दोन्हीकडे दुखतो, हळूहळू दुखतो आणि दाबल्यावर बरा वाटतो. फाटलेला पाय एकाच बाजूला, एका क्षणी, एका जागी दुखतो, आणि त्या जागी बोट टेकवलं की माणूस पाय ओढून घेतो. पेटके आले किंवा गोळा आला तर तो ताण दिल्यावर पाच-दहा मिनिटांत सुटतो. फाटलेला स्नायू ताण दिल्यावर जास्त बोंबलतो. "शीर चढली असेल" म्हणून पाय ओढायच्या आधी एवढं विचारा: त्या क्षणी मागे वळून बघितलंत का?

काका माझ्यासमोर पालथे झोपले तेव्हा सहा दिवस होऊन गेले होते. फाटलं आहे हे दिसतच होतं. मला भीती वेगळ्याच दोन गोष्टींची होती.

पहिली, टाचेची मोठी शीर. वारीत जुलाब लागले म्हणून काकांनी दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊन तीन दिवस खाल्लं होतं. रिकामी पट्टी पिशवीत होती. ह्या गटातल्या अँटिबायोटिकने टाचेची शीर कमकुवत होऊन तुटू शकते, आणि साठीच्या पुढे किंवा स्टिरॉइड चालू असताना धोका आणखी वाढतो. म्हणून पावलं टेबलाच्या कडेबाहेर काढून पोटरी दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबली. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. काकांचं झुकलं, उजव्यापेक्षा थोडं कमी, पण नक्की झुकलं. टाचेच्या वर बोट फिरवलं, खड्डा नव्हता. गुडघे नव्वद अंशात वाकवून दोन्ही पावलं नुसती सोडून दिली तेव्हा दोन्ही सारखीच लटकली. शीर तुटली असती तर तो पाय जास्त ढिला पडला असता.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. पायाच्या खोल नसेत गुठळी झाली तरी पोटरी दुखते, सुजते, गरम लागते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली टेप लावली. डावी पोटरी 36.8, उजवी 34.2. 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक धोक्याचा धरतात, हा 2.6, म्हणजे काठावरच. घोट्याजवळ दाबल्यावर बारीक खळगा पडत होता. त्यात जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं, टेम्पो आणि एसटीत पाय लोंबकळत ठेवून प्रवास झालेला. नव्वद टक्के हे फाटलेल्या स्नायूचंच रक्त आहे असं मन सांगत होतं. पण उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मी कोणताही उपचार न करता त्यांना डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, आणि त्याच दुपारी जिल्ह्याच्या गावी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे नसांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, झाली. मुलगा थोडा चिडला, "आता पुन्हा तिकडं?" म्हणाला. ज्या पोटरीत गुठळी असू शकते तिला रगडायचं नाही, शेकायचं नाही, व्यायामही द्यायचा नाही. ह्यात मी तडजोड करत नाही.

गुठळी नव्हती. गॅस्ट्रोक्नेमियसच्या आतल्या डोक्यात अर्धवट फाट होती आणि त्याच्या नि सोलियसच्या मधल्या पदरात रक्ताचा पातळ थर साचला होता. दुसऱ्या श्रेणीची दुखापत. ऑपरेशनची गरज नव्हती.

पहिल्या आठवड्यात काकांना सर्वात जड गेलं ते काही न करणं. तेल बंद, विटेचा शेक बंद, आंबेहळदीचा गरम लेप चोळून लावणंही बंद. बोटांपासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज, बसताना पाय उशीवर. बर्फाबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, दुखलं तर दहा मिनिटं लावा, औषध म्हणून नको. आराम, बर्फ, दाब आणि उंची ह्या चारसूत्रीला 1978 साली नाव देणारे डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम भरून येणं लांबवू शकतात. पहिले दोन-तीन दिवस सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो, पण त्यानंतर स्नायूला हळूहळू काम लागतं. काम मिळालं नाही तर नवे धागे आडवेतिडवे विणले जातात.

एक साधी युक्ती फार उपयोगी पडली. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून सेंटिमीटरभर जाडीच्या दोन टाचा कापल्या आणि दोन्ही पायांतल्या चपलांत चिकटवल्या. टाच उंच झाली की पोटरीवरचा ताण कमी होतो. एकाच पायाला लावली तर कंबर वाकडी होते, म्हणून दोन्हींना. त्या दिवशी काका काठी घेऊन न लंगडता चालले. लंगडून शंभर पावलं टाकण्यापेक्षा काठी घेऊन सरळ पन्नास टाकलेली बरी.

दुखणं मोजायचं कसं हा प्रश्न होता. शून्य ते दहा असं विचारलं की काका प्रत्येक वेळी "पाच" म्हणायचे. मग आणे धरले. "काका, रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर आलं, "चार आणे." ठरलं: व्यायाम करताना चार आण्यांपर्यंत चालेल, आठ आणे झाले की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा चढलेलं नको. पुढचे सोळा आठवडे आम्ही ह्याच नाण्यावर चाललो.

सुरुवात खाटेवर बसून झाली. पाऊल भिंतीला टेकवून टाच उचलायचा जोर, पण हालचाल नाही. 40 सेकंद जोर, मग विसावा, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. मग खुर्चीत बसून टाचा उचलणं. तिसऱ्या आठवड्यात उभं राहून भिंतीला हात लावून दोन्ही टाचा वर. घाईने झटके देत करायची सवय मोडायला वेळ लागला. तेव्हा त्यांनीच तोड काढली: "ज्ञानोबा माऊली तुकाराम" म्हणत वर जायचं आणि तेवढंच म्हणत खाली यायचं. घड्याळ लावून पाहिलं, बरोबर तीन सेकंद. माझ्या मोबाइलमधल्या टिकटिकीपेक्षा हे शंभर पटींनी चांगलं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी काकांचं दुखणं शून्य आण्यांवर आलं. काळंनिळं गेलं, चाल सरळ झाली. एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून टाचा उचलायला सांगितलं: उजवीवर 22, डावीवर 14. मी म्हटलं, चांगलं आहे, घरी चालू ठेवा, हळूहळू कामाला लागा.

इथे माझं चुकलं. मी सोनोग्राफीच्या कागदावर विसंबले. कागदावर वरचा स्नायू होता, म्हणून मी वरचाच तपासला. गुडघा वाकवून टाच उचलायला सांगितलं असतं तर खालच्या सोलियसची अवस्था कळली असती. रक्ताचा थर दोघांच्या मधल्या पदरात होता, हेही कागदावरच लिहिलेलं होतं. आणि 22 ला 14 हे चांगलं नव्हतंच. दुखणं थांबलं ह्या आनंदात मीही रुग्णासारखीच वाहवले.

आठवड्याभरात फोन आला. चिखलातून दुधाचं कॅन घेऊन चढावर जाताना डावी पोटरी आवळत गेली. ह्या खेपेला धोंडा नव्हता. "आतनं दावं आवळल्यागत," असं त्यांनी सांगितलं. हा फरक महत्त्वाचा आहे. वरचा स्नायू झटक्यात फाटतो, खालचा हळूहळू घट्ट होत जातो, खोलवर आणि पोटरीच्या खालच्या अर्ध्यात दुखतो. म्हणूनच लोक त्याला "थकवा" म्हणून सोडून देतात. गुडघा वाकवून टाच उचलायची चाचणी घेतली: उजवीवर 19, डावीवर 6.

सोलियस हा चालण्या-धावण्यातला खरा हमाल. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. काकांच्या 64 किलोला तो किती होतो ते पाहा. तो कच्चा राहिला की वरच्याला त्याचं काम करावं लागतं, आणि वरचा नुकताच जोडलेला. वय आणि आधी झालेली पोटरीची दुखापत ही दोन कारणं पुन्हा फाटण्यामागे सर्वात ठळक दिसतात. काकांकडे दोन्ही होती.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पण ह्या वेळी गुडघा वाकवून. खुर्चीत बसायचं, पाऊल विटेच्या कडेवर, डाव्या गुडघ्यावर वजन, आणि टाच खाली-वर. पहिलं वजन होतं नातू. पाच वर्षांचा, 17 किलोचा, आजोबांच्या गुडघ्यावर घोडा-घोडा करत बसायचा आणि सेट संपला की "अजून" म्हणायचा. दोन आठवड्यांनी त्याच्या जागी पेंडीचं अर्धं पोतं आलं. सूनबाई बाजूने धरून ठेवायच्या. पुढे पोतं भरत गेलं. दिवसाआड चार सेट, प्रत्येकी आठ ते बारा, त्याच नामाच्या गतीने. दहाव्या आठवड्यात काका एका गुडघ्यावर 40 किलो घेऊन बारा वेळा टाच उचलत होते. ज्यांच्या हातात जिमचं यंत्र नाही त्यांचं काही अडत नाही, हे मला काकांच्या ओट्यावर पटलं.

अकराव्या आठवड्यात उड्या. आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी वीस, मग पावली. पावली म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पुढे-मागे टाकलेली, मध्येच हलकी उसळी घेणारी पावलं. एका पायावरून दुसऱ्यावर जाणारा भार, चवड्यावर उतरणं, पुन्हा उसळणं, हे सगळं तिच्यात आपोआप येतं. पहिल्या दिवशी ठेका संथ, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दोन आणे, म्हणून एक दिवस विसावा. पंधरा दिवसांत ते द्रुत ठेक्यावर पंधरा मिनिटं खेळू लागले. मग बांधाच्या रस्त्यावर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा. आधी सपाटीवर, मग चढावर. उतार मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण उतारावर पोटरीला ताणलेल्या अवस्थेत शरीर रोखून धरावं लागतं, आणि काकांची दुखापत उतारावरचीच होती.

सोळाव्या आठवड्याला, कार्तिकीच्या तोंडावर, शेवटची मोजणी केली. गुडघा सरळ ठेवून उजवीवर 23, डावीवर 21. गुडघा वाकवून 20 आणि 19. एका पायावर दहा उड्या, शून्य आणे. टेपवर मात्र डावी पोटरी अजून एका सेंटिमीटरने बारीक आहे. ती भरायला वर्ष लागेल, कदाचित पूर्ण भरणारही नाही. काकांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पुढल्या साली धाव्यात पळू का?"

पळा, म्हटलं. पण पाडव्यापासून आठवड्यातून दोनदा चढउतारावर छोट्या धावा घ्यायच्या आणि पोत्याचा व्यायाम सोडायचा नाही. वारीत पहाटे पोटरी कडक लागली तर त्या दिवशी दिंडीच्या मागच्या बाजूला, स्वतःच्या गतीने चालायचं. पाय दाबायला कोणी माऊली पुढे आले आणि कुठे एका जागी टोचत असेल, तर तेवढी जागा सोडून द्यायला सांगायचं. काकांनी मुलाला हे सगळं वहीत लिहून घ्यायला लावलं आणि वही पताकेच्या पिशवीत ठेवली.